माठावरचं पाणी

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या गावच्या उपकेंद्रावर नव्या जिल्ह्याच्या नावाची पाटी लागली, पण आत फ्रिज नव्हता. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन गारव्यात आणि अंधारात ठेवावं लागे. नर्सबाईंनी एका मोठ्या माठात ओली वाळू भरून त्यात लहान माठ बसवला होता. काळ्या कागदात गुंडाळलेल्या औषधाच्या कुप्या त्या लहान माठात असत. वाळू ओली राहिली तरच गारवा टिके. त्या वर्षी दुष्काळ होता आणि टँकर एक दिवसाआड येई.

आदल्या उन्हाळ्यात गल्लीतली एक सून बाळंत होऊन लोह्याच्या दवाखान्याकडे नेताना, बैलगाडीतच रक्तस्रावाने गेली. बाई म्हणाल्या होत्या, "सुई होती. पण उन्हानं औषधाचा रंग पालटला होता. तसली कशी देऊ?"

आईने ते ऐकलं होतं. आमचं घर लिंगायत, किराणा दुकानदाराचं. रोज सकाळी महादेवाला तांब्याभर पाणी घालायचा तिचा नेम होता. त्या वर्षी माझी बहीण बाळंतपणाला माहेरी आली, त्या दिवसापासून तो तांब्या माठातली वाळू भिजवायला उपकेंद्राकडे जाऊ लागला.

टँकरच्या रांगेत चुलतीने विचारलं, "का ओ जाऊबाई, देव बदलला म्हनं तुमी?"

"महादेवाला तहान सोसती," आई म्हणाली. "सुईला न्हाई सोसत."

मी तेव्हा नांदेडला वर्तमानपत्रात होतो आणि सुटीवर घरी आलो होतो. बहिणीच्या कळा सकाळी सुरू झाल्या, तसं आम्ही तिला उपकेंद्रावर नेलं. दुपारी त्या मंदावल्या तेव्हा आईचा धीर सुटला.

"बाई, द्या की ती सुई. लेकरू लवकर सुटंल."

"मावशी, ती कळांची सुई न्हाई. लेकरू आत असताना दिली तर दोघंबी हाती लागायची न्हाईत. तुमी पानी तापवा."

मी उपकेंद्राच्या ओसरीवर होतो. उन्हं कलताना बाळ रडलं. आत काय झालं ते आईने नंतर सांगितलं. बाईंनी पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नसल्याची खात्री केली. माठातली कुपी काढून उजेडाकडे धरली. औषध पाण्यासारखं स्वच्छ होतं. मग सुई दिली. वार पडल्यावर रक्त भळाभळा आलं, तशी आईने डोळे मिटले. बाई बहिणीचं पोट चोळत राहिल्या. हळूहळू हाताखाली गर्भाशय घट्ट झालं आणि रक्त ओसरलं.

बाहेर येऊन बाई एवढंच म्हणाल्या, "मुलगी झाली. आई बरी हाय."

दुसऱ्या सकाळी आई तांब्या घेऊन निघाली. चुलती दारात उभी होती.

"आता कशाला, जाऊबाई? तुमचं तर निभावलं की."

"तुझ्या सुनेला सातवा लागला न्हवं?"

चुलती आत गेली आणि पाण्याने भरलेला लोटा घेऊन आईच्या मागे चालू लागली.