दाखल्यावरचा अंगठा

बदली रद्द करून घ्यायला लोक साहेबांच्या दारात उभे राहतात. मी बदली मागायला उभी राहायचे. एका साहेबांना वाटलं, बाईंचं गावात कुणाशी तरी वाजलेलं दिसतंय. मी म्हटलं, कुणाशी काही वाजलेलं नाही, दोन वर्षं झाली, आता पुढचं गाव द्या. त्यात सुट्टी लागली की पिशवी उचलायची आणि निघायचं. हरिद्वार झालं, रामेश्वर झालं, आणि नकाशात बोट ठेवायलाही सापडणार नाहीत अशी कितीतरी गावं झाली. घरातले म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. असू दे. ती कुणी बांधली ते मला पक्कं माहीत आहे, आणि त्याचा कागद एका शाळेच्या दप्तरात जमा आहे.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. अक्षर सुरेख, जीभ मात्र भारी तिखट. दिपोटीसाहेब, म्हणजे शाळाखात्याचे अधिकारी, तपासणीला आले की मास्तरांनी त्यांची बडदास्त ठेवायची आणि हो ला हो म्हणायचं, अशी त्या काळची रीत. वडील साहेबांच्याच हातात खडू द्यायचे आणि म्हणायचे, साहेब, तुम्हीच एक गणित सोडवून दाखवा, पोरांना हुरूप येईल. मग दीड-दोन वर्षांत बदलीचा हुकूम यायचाच. मी तेरा वर्षांची होईपर्यंत आम्ही सात गावं केली. सगळी मुळशी तालुक्यातली, कधी मुठा खोऱ्यात, कधी मालेकडे, कधी धरणाच्या पाण्याच्या काठाला. वरच्यांनी आम्हाला तालुक्याबाहेर काढलं नाही, पण एका जागी टिकूही दिलं नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचं एका बैलगाडीत. गाडीत मावेल तेवढाच संसार करायचा, हा आईचा कायदा होता.

त्या गाडीत जातं सगळ्यांत शेवटी चढायचं आणि नव्या गावात सगळ्यांत आधी उतरायचं. दोन गडी लागायचे उचलायला. जातं उतरलं की आई चूलसुद्धा पेटवायची नाही. आधी शेजारणीच्या दारात जायची आणि तिच्याकडचं दळण मागून आणायची. परक्या गावात जातं पहिल्यांदा दुसऱ्याच्या दाण्यानं फिरवावं, म्हणजे जागा मानवते, असं तिचं म्हणणं. हे तिला कुणी शिकवलं, का तिनंच काढलं, देव जाणे. पण अनोळखी बाई दारात येऊन, तुमचं दळण द्या, मी दळून देते म्हणते, यावर कुणाला काय बोलायचं सुचणार? पीठ परत करायला जाईपर्यंत आईची त्या घराशी ओळख झालेली असायची. वडील साहेबांशी भांडून गावं तोडायचे आणि आई जात्यानं जोडायची.

मला मात्र या सगळ्याचा राग होता. नव्या शाळेत पहिल्या दिवशी पोरी विचारायच्या, "तुजं गाव कंचं?" मी आधीचं गाव सांगितलं की म्हणायच्या, ते न्हाई, मूळचं कंचं? मूळचं गाव वडिलांच्या वडिलांनीच सोडलेलं, मी ते पाहिलेलंही नव्हतं. मग मी गप्प बसायचे आणि पोरी हसायच्या. एकीनं तर मला बिनगावाची असं नावच ठेवलं. मी तिच्या पाटीवर पाणी ओतलं. वडिलांची जीभ होतीच, वर हातही चालायचा.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. त्या वेळी सातवीची फायनल म्हणजे मोठी परीक्षा. ती पास झाली की मुलीला पुण्याला ट्रेनिंग करून मास्तरीण होता यायचं. मला तेच व्हायचं होतं. पण मामांनी माझ्यासाठी एक स्थळ आणून ठेवलं होतं, घरदार असलेलं. वडिलांनी फायनल होऊ दे, मग बघू म्हणून ते थोपवलं होतं. फायनल हुकली तर थोपवायला हातात काहीच उरत नव्हतं. शिवाय पुढच्या वर्षी आमची गाडी कुठल्या गावाला लागेल आणि तिथे सातवी असेल का, याचा कुणी भरवसा द्यावा?

पौषात परीक्षेचे फॉर्म भरायला घेतले. सातवीची मोठी शाळा घरापासून तासाभराच्या वाटेवर, मी रोज चालत जायचे. हेडमास्तरांनी मला सकाळच्या जादा तासालाच बोलावून सांगितलं, आधीच्या शाळेचा दाखला तुझ्या वडिलांनी अजून आणून दिलेला नाही, त्याशिवाय फॉर्म जाणार नाही. उद्या संध्याकाळी शाळा सुटायच्या आत हवा. मी धावत घरी आले. वडील हिवतापानं अंथरुणात होते. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. जूनमध्ये बदली झाली, पाऊस तोंडावर होता, गाडी भरायची घाई. त्या घाईत शाळा सोडणाऱ्या प्रत्येक पोराचा दाखला त्यांनी लिहून दिला. माझा राहिला. रजिस्टर आणि शिक्का मागच्या शाळेतच राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मास्तरांच्या मुलीला कसला आलाय दाखला, म्हणून मलाही कधी आठवण झाली नाही.

ती शाळा मुळशीच्याही पुढे, ताम्हिणीच्या वाटेवरच्या लहानशा गावात, चांगली पंधरा मैलांवर. वडील उठून बसले, उभे राहायला गेले आणि परत आडवे झाले. आईच्या मांडीवर तान्हा भाऊ. मला वाटलं, आता ही म्हणणार, जाऊ दे बाई, नशिबात नाही. आईनं फडक्यात भाकरी आणि चटणी बांधली आणि वडिलांना म्हणाली, "ती जाईल. ह्या वाटा तिच्याइतक्या कुणाला ठाऊक आहेत?"

मी उजाडता उजाडता निघाले होते असं सांगायला बरं दिसलं असतं, पण शाळेतून घरी येऊन निघेपर्यंत नऊ वाजून गेले होते. भातं निघालेली, खाचरं मोकळी, त्यामुळे मी सडक सोडून आडवीच घुसले. कुठला बांध कुठे फुटतो, कुठल्या ओढ्यात दगड टाकलेत, सगळं पायांना ठाऊक. मालेजवळ एका गाडीवानानं मला ओळखलं. "जात्यावाल्या मास्तरीणबाईची पोर न्हवं तू?" म्हणाला आणि गाडीत घेऊन मुळशीपर्यंत सोडलं. पुढे धरणाच्या पाण्याकडेनं मी जवळजवळ पळतच गेले. उन्हाळ्यात पाणी हटलं की तिथे बुडालेल्या गावांचे चौथरे दिसतात. त्या दिवशी नुसतं पाणी होतं.

पोचले तेव्हा दिवस कलला होता, पण शाळा उघडी होती. नवे मास्तर तरुण होते, नुकतेच नोकरीला लागलेले आणि नियमाला फार भिणारे. त्यांनी रजिस्टर काढलं. माझं नाव होतं, तेही वडिलांच्या अक्षरात. मला वाटलं, काम झालं. तेवढ्यात त्यांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, दाखला पालकाच्या सहीशिवाय देता येत नाही, वडिलांना पाठव. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! मी आधी नीट सांगितलं, ताप आहे, उद्याच मुदत आहे. त्यांनी मान हलवली. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, याच खुर्चीत माझे वडील दोन वर्षं बसले, त्यांच्याच हातचं हे रजिस्टर आहे, आणि तुम्ही मला सही मागता? ते म्हणाले, तू त्यांचीच मुलगी हे मी कशावरून धरू, गाव कुठलं तुझं? झालं. हाच प्रश्न. मला रडू फुटलं. रडत होते आणि रडताना स्वतःचाच संताप येत होता.

माझा आवाज ऐकून शाळेला लागून असलेल्या घरातून मावशी आली. ही आमची तिथली शेजारीण, पन्नाशीची, उंच, खणखणीत बोलणारी. आईनं त्या गावात पहिलं दळण दळलं ते हिच्या घरचं. तिनं मला पाहिलं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. मग मास्तरांकडे वळली.

"मास्तर, पालक म्हंजी कोन वो?"

ते म्हणाले, मुलाला सांभाळतो तो, ज्याच्यावर जबाबदारी असते तो.

"मग मी हाय की. दोन सालं ही पोर माज्या वसरीत जेवलीया. अंगठा घ्या माजा."

मास्तर म्हणाले, असं कसं चालेल, ती या गावची नाही. मावशी जराही चढ्या आवाजात बोलली नाही. "मी तरी कुटं हितली हाय? माजं गाव त्या पान्याखाली हाय. लगीन होऊन आले आन् दुसऱ्या साली पानी वर आलं. आमी बी गाडीत भांडी टाकून हितं आलो. मला समदी ह्या गावची म्हंत्यात का न्हाई? तिला बी तसंच लिवा."

मास्तरांनी पुन्हा रजिस्टर उघडलं. बाहेर चार माणसं जमली होती. त्यातल्या म्हाताऱ्या पाटलांनी सांगितलं, पोर मास्तरांचीच हाय, आमी समदी वळखतो. मग मास्तरांनी दाखला लिहायला घेतला. मावशीनं शाईत अंगठा बुडवला आणि असा दाबला की कागदामागे डाग उमटला. त्या रात्री मी तिच्याकडेच राहिले. सकाळी तिच्या मुलानं मला गाडीनं मुळशीला सोडलं, तिथून पुढे मी चालत आले. शाळा सुटायची घंटा व्हायला थोडा वेळ होता तेव्हा मी हेडमास्तरांसमोर उभी होते, पायांना भेगा, केसांत पेंढा.

हेडमास्तरांनी दाखला वाचला आणि चष्मा वर केला. "मास्तरांची मुलगी तू. आणि पालकाचा अंगठा?"

"मावशीचा आहे," मी म्हटलं. "माझ्या गावची आहे ती."

हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले होते. हेडमास्तरांनी चष्मा खाली घेतला. दाखला फॉर्मला जोडला आणि टाचणी लावली. घरी आल्यावर मी सगळं सांगितलं तेव्हा वडील तापातही हसले. म्हणाले, बरं झालं, माझी सही दिसली की साहेब बदलीच करतात. आईनं मात्र तोंड फिरवून डोळे पुसले. मी विचारलं तर म्हणाली, धूर झालाय.

फायनल पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले. मामांचं स्थळ दुसऱ्या कुणाला तरी लाभलं, त्यांचं कल्याण असो. ट्रेनिंगसाठी पुण्याला जायच्या आधी मी पेढे घेऊन मुळशीला गेले आणि तिथून चालत त्या गावाला. मावशी अंगणात वाल निवडत होती. मी पाया पडले. तिनं पेढा अर्धा तोडून आधी माझ्या तोंडात घातला.

मी म्हटलं, मावशी, आता पुण्याला चालले, मग नोकरी लागेल, कुठे नेमतील ठाऊक नाही. लांबही पाठवतील. आतून मला भीती वाटत होती आणि तिला ती दिसली असणार.

तिनं उजव्या हाताचा अंगठा माझ्यासमोर धरला. शाई केव्हाच गेली होती.

"जा की, कुटं बी जा. कुनी गाव इचारलं तर सांग, हितली हाय म्हनून. मी अंगठा दिलाय."

तेव्हापासून मी जातेच आहे.