रविवारची सपाट रेघ

पडद्यावर रेघ सपाट दिसली की ते पेचकसाची मूठ टेबलावर दोनदा आपटत. "मधात काय झालं, ते सांगा!"

अमरावतीच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संदेशवहन शिकवले, तिथल्या प्रयोगशाळेचे ते सहायक. फळ्यावर मी सिद्धान्त मांडत असे: अखंड लहरीची ठरावीक अंतराने मापे घ्यावीत, त्यांवरून मूळ लहर पुन्हा उभी करता येते, मात्र मापांचा वेग लहरीच्या दुपटीहून अधिक हवा. मुलांना ते कळे ते प्रयोगशाळेतच. हे गृहस्थ मुद्दाम दोन्ही वेग सारखे ठेवत. प्रत्येक माप लहरीच्या एकाच जागी पडे आणि उसळती लहर पडद्यावर निपचित रेघ होऊन दिसे.

"सिग्नल बंद आहे," एखादा मुलगा म्हणे.

"बंद नाही बाप्पा, तू एकाच टायमाले डोकावून राहिला!"

बाहेरच्या परीक्षकांसमोर एकदा मीही यंत्राला दोष दिला. "मशीन बरोबर आहे, सर. पाहणारा चुकला," हे गृहस्थ म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तुम्हीही बोलला नसता.

निवृत्तीनंतर ते अकोल्याला, जठारपेठेत राहू लागले. मी दर रविवारी सकाळी नऊला फोन करत असे. "बेस आहो, सर." दोन वर्षे तेच उत्तर, तोच खणखणीत आवाज. एकदाच, काही कामासाठी, मंगळवारी फोन केला. त्यांना धाप लागली होती. "जिना चढून आलो, सर." ते एक माप मी सिग्नलमधला गोंगाट समजून सोडून दिले.

गेल्या शुक्रवारी त्यांच्या पत्नीचा फोन आला. ते गेले होते. मी अकोल्याला पोहोचलो तेव्हाही माझा विश्वास बसला नव्हता.

"रविवारी तर उत्तम होते," मी म्हणालो. स्वर कदाचित तक्रारीचा होता.

"दोन वर्षं डायलिसिस चालू होतं, सर. बुधवारी अन् शनिवारी. दुसऱ्या दिवशी तेवढे बरे राहत. मंगळवारी तर धड बोलताही येत नव्हतं."

"मला कळवायचे होते."

"नको म्हणत. तुमचा फोन ठेवला का हासत. म्हणत, सर अजून एकाच टायमाले डोकावून राहिले."

समोरचा चहा तसाच ठेवून मी उठलो.

निघताना उंबऱ्यावर थांबलो आणि मागे वळून सगळे घर नीट पाहिले. दोन खोल्या, मागे न्हाणी, वर टिनाचे पत्रे.

जिना कुठेच नव्हता.