आमरीचा निर्जळी उपास

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई महिनाभराच्या शिबिराला गेल्या आणि जाताना त्यांची आमरी माझ्या गळ्यात बांधून गेल्या. आमरी म्हणजे हल्ली सगळे ऑर्किड म्हणतात ते. जळगाव जामोदच्या शाळेत मी नवी होते, सातवीला विज्ञान शिकवत होते आणि मला कायम करायचं की नाही हे बाईंच्या शेऱ्यावर होतं.

कुंडीला चहूबाजूंनी भोकं, आत नुसता कोळसा आणि विटांचे तुकडे. मुळं उघडी लोंबत होती. मी शेतकऱ्याची पोर, मला ते पाहवेना. काळी माती आणि शेणखत घालून कुंडी गच्च भरली.

दहा दिवसांत पानं पिवळी.

"काऊन वं, तुया झाडाचं तोंड उतरलं?" सासूबाई म्हणाल्या. "मी तं दोन्ही टाइम पाणी घालून राह्यली."

"आत्याबाई, त्याला इतकं पाणी चालत नाही."

"पाण्यानं कोणी मरते काय?"

माती उकरली तर निम्मी मुळं काळी पडून कुजलेली. ती ब्लेडनं कापली, बाकीची धुतली, पुन्हा कोळसा-विटा भरून कुंडी ओसरीत सावलीला टांगली. झाडाचं निस्तरलं, सासूबाईंचं राहिलं. पाहुण्यांच्या पेल्यात उरलेलं पाणीही त्या कुंडीतच ओतत.

श्रावण चालू होता. मी कुंडीला लाल दोरा बांधला आणि सांगितलं, "याचा निर्जळी उपास असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तेवढा सुटतो."

सासूबाईंनी हात जोडले. स्वतः उपासाला दोनदा साबुदाणा खाणाऱ्या बाईनं आमरीचा उपास मात्र कडक पाळला. शेजारीण तांब्या घेऊन आली, तर "त्याचा उपास मोडतं काय वं?" म्हणून तिला अंगणातूनच परतवलं.

मोठ्या बाई शिबिराहून परतल्या आणि बुधवारी कुंडी न्यायला घरी आल्या. कुंडी खालून न्याहाळली. कोळशातून नव्या मुळांची हिरवी टोकं निघाली होती.

"पाणी कसं घालत होता?"

मी तोंड उघडण्याआधी सासूबाई म्हणाल्या, "घालू कोण देते? निर्जळी हाय ते."

बाईंनी दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सातवीला हे शिकवलं नाही ना?"

"नाही."

"मग शिकवत राहा."

शेरा चांगला गेला. कुंडी मात्र सासूबाईंनी शुक्रवारपर्यंत नेऊ दिली नाही. उपाशीपोटी कोणाले घरून धाडू नये म्हणे.