जेवलात का, गजभिये मॅडम?

गजभिये मॅडमची आणि माझी पहिली भेट वाघोलीत, आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये झाली. त्या नुकत्याच मुलाकडे राहायला आल्या होत्या. भर दुपार, हातात कोथिंबिरीची भलीमोठी जुडी, कपाळावर घाम. शेजारधर्म म्हणून मी विचारलं, "काय मॅडम, जेवलात का?" बाईंनी ओठ गच्च मिटले, जुडी छातीशी धरली आणि त्यांचा मजला येईपर्यंत पापणी न लवता माझ्याकडे पाहत राहिल्या. दार उघडलं तशी टुणकन बाहेर उडी मारून म्हणाल्या, "वाचली बाप्पा!" आणि निघून गेल्या. घरी येऊन मी बायकोला सांगितलं की वरच्या बाई एकतर फार गर्विष्ठ आहेत, नाहीतर त्यांना माझा चेहरा आवडलेला नाही. बायको म्हणाली, दुसरं जास्त शक्य आहे.

चार दिवसांनी मॅडम स्वतःच ताटलीभर सांबारवड्या घेऊन आल्या. कोथिंबिरीला त्या सांबार म्हणत आणि आम्ही सांबार कशाला म्हणतो हे ऐकून हसत. "राग नका मानू मास्तर," त्या म्हणाल्या. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, पण त्यांच्या लेखी शिकवणारा तो मास्तर. "तो एक प्रश्न मला विचारत नका जाऊ. स्वयंपाक झाला का विचारा, भाजी कोणती केली विचारा. पण 'जेवलात का' नाही."

मग त्यांनी मला ती कादंबरी सांगितली. 'आडातली आत्याबाई' हे तिचं नाव. जुनी, केव्हाच बाजारातून गेलेली भयकादंबरी. गावाबाहेर एक कोरडा आड असतो आणि त्यातून जाणाऱ्या-येणाऱ्याला आवाज येतो, "जेवलास का?" जो 'हो' म्हणेल त्याला आत्याबाई म्हणते, "मग आता माझं ताट वाढ," आणि आत ओढते. जो 'नाही' म्हणेल त्याला म्हणते, "मग ये, वाढते," आणि आत ओढते. थोडक्यात, तोंड उघडलं की संपलं. म्हणून या कादंबरीचे खरे भक्त त्या प्रश्नाला कधीच उत्तर देत नाहीत. एका लग्नात मुलाच्या वडिलांनी मॅडमना अगत्याने विचारलं, "जेवलात ना?" मॅडम डोळे वटारून गप्प. त्यांना वाटलं मानपानात काहीतरी चुकलं. ते हात जोडून गेले, मग मामा हात जोडून आले, शेवटी खुद्द नवरदेव मुंडावळ्या सावरत आला. मॅडम हूं की चूं करेनात. परत निघाल्या तेव्हा त्यांच्या हातात आहेराच्या दोन साड्या होत्या.

"पुण्यात ही कादंबरी लिहिताच आली नसती," असं त्या वरचेवर म्हणत. "इथली आत्याबाई 'जेवूनच आला असाल' म्हणाली असती. अख्खं गाव वाचलं असतं."

मॅडमचा सगळा जन्म नागपुरात टेलिफोन खात्यात गेला. कानाला हेडफोन लावून त्यांनी हजारो माणसांना एकमेकांशी जोडून दिलं, त्यातलं एकही कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. 'आत्याबाई' त्यांनी तिथेच, रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचलली होती. कादंबरीतही भूत कधी दिसत नाही, नुसता आवाज येतो. "चेहरा दिसला की माणूस घाबरत नाही मास्तर, तुलना करते. आपल्या मावशीसारखी दिसून राहिली, म्हणते. आवाजाचं तसं नाही. आवाज थेट आत जाते." निवृत्तीनंतर नवरा गेला, मुलाने पुण्यात आणलं. मुलगा आणि सून दोघंही कंपनीत, दिवसभर कानाला हेडफोन. "माझीच नोकरी दोघं करून राहिले," मॅडम म्हणत, "फक्त ह्यांच्या लाइनवर मला जागा नाही." हे हसत म्हणायच्या, पण ते हसण्यासारखं नव्हतं.

त्यांची स्वतःची अशी पुण्यात एकच जागा होती, शनिवार पेठेतल्या आपटेकाकांच्या दुकानाचा माळा. आपटेकाका पुस्तकबांधणी करतात. दुकानात पाटी आहे, 'पुस्तक कधी मिळेल असे विचारल्यास उशीर होईल.' तेही आत्याबाईचे भक्त. दर रविवारी सकाळी त्यांच्या माळ्यावर दहाबारा माणसं जमत आणि या एकाच कादंबरीवर बोलत. स्वतःला 'आडमंडळ' म्हणवत. आपटेकाकू त्यांना आडमुठं मंडळ म्हणायच्या आणि चहा कमी दुधाचा द्यायच्या. मॅडमच्या नादाने मीही जाऊ लागलो, जरी मी भयकादंबऱ्या फक्त उन्हात बसून वाचतो. वाघोलीहून शनिवार पेठ म्हणजे दोन बसगाड्या. "नागपूरहून वर्ध्याला जाण्यासारखं आहे," मॅडम म्हणत, "फक्त वर्धा लवकर येते."

मंडळाचे नियम दोनच. माळ्यावर येणाऱ्याला आपटेकाका गंभीर चेहऱ्याने विचारणार, "जेवलात का?" आणि आलेल्याने गप्प राहून आत जाऊन बसायचं. दुसरा नियम म्हणजे, कादंबरीचा शेवट कधीही उच्चारायचा नाही. नवीन वाचक येत असतात, त्यांचा विरस होऊ नये म्हणून. जो शेवट फोडेल त्याने सगळ्यांना भेळ द्यायची. त्यामुळे शेवटाचा विषय निघाला की सगळे फक्त छातीवर हात ठेवून म्हणत, "शेवट... बस!" मॅडम सगळ्यांत मोठ्याने म्हणत.

एकदा मंडळाची सहल खडकवासल्याच्या बाजूला गेली होती. तिथे रस्त्यालगत एक पडका आड दिसला. मॅडम लगेच काठावर वाकल्या आणि आत तोंड घालून ओरडल्या, "जेवलास का?" आड गप्प राहिला, पण मागच्या टपरीवर भजी तळणाऱ्या बाईंना वाटलं आपल्यालाच विचारलं. त्या झारा हलवत म्हणाल्या, "न्हाय अजून. तुम्ही जेवलाव का?" झालं! सगळ्या मंडळाच्या अंगावर काटा आला. आपटेकाकांनी माझं मनगट धरलं. का, ते पुढे सांगतो. एकट्या मॅडम मात्र थंडपणे भज्यांच्या प्लेटी सांगत होत्या. "काहून थरथरून राहिले तुम्ही सगळे? बाई साधं विचारून राहिली." आम्हाला वाटलं, काय धीराची बाई आहे.

आणि मग सिनेमा आला. 'आत्याबाई : आरंभ.' कादंबरीच्या आधीची गोष्ट, म्हणजे आत्याबाई आडात कशी गेली ते. मंडळ सकाळच्या खेळाला एकत्र गेलं. सिनेमातली आत्याबाई एका मोठ्या घरात माहेरी परत आलेली विधवा. सगळ्या घराला रांधून वाढते, सगळ्यांना "जेवलास का?" विचारते, आणि तिला वाढायचं मात्र रोज सगळे विसरतात. शेवटी ती उपाशीपोटी पाणी शेंदायला जाते आणि आडात पडते. चित्रपटगृहात माणसं हुंदके देत होती. माझ्या शेजारी मॅडम दातओठ खात होत्या.

पुढच्या रविवारी माळ्यावर रणधुमाळी झाली. सानिका नावाची आमच्यातली एक तरुण मुलगी म्हणाली, "बॅकस्टोरी एकदम टॉप आहे यार, मी तर फुल रडले." दुसरा म्हणाला, आडाचा रंग चुकलाय. आपटेकाका म्हणाले, "आडाचं सोडा. कादंबरीला इतका प्रामाणिक सिनेमा मी पाहिला नाही."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "प्रामाणिक? भुताला भूक लावून दिली त्यांनी! भुताला कारण दिलं की ते भूत नाही राहत, अर्जदार होते. आमच्या खात्यात असे रोज यायचे. मी काय आत्याबाईला घाबरू, का तिला रांगेत उभं करू?"

"अहो, पण हे कादंबरीतच आहे," आपटेकाका म्हणाले.

"कुठे आहे? पान दाखवा!"

आता पान दाखवायचं म्हणजे शेवट फोडायचा, आणि माळ्यावर दोन नवे वाचक बसलेले. काकांची पंचाईत झाली. चिडले की पुणेरी माणसाला आवाज चढवावा लागत नाही. चष्मा पुसत ते हळूच म्हणाले, "बाई, आपण कादंबरी वाचली आहेत ना? की नुसती ऐकलीत, टेलिफोनवर?"

मॅडमनी पिशवी उचलली. त्यांचं पुस्तक नेमकं त्याच आठवड्यात बांधायला दिलेलं होतं. "ओ आपटे," एरवी त्या आपटेसाहेब म्हणत, "माझं पुस्तक परत द्या. नाही बांधायचं."

"हातात घेतलेलं काम मी अर्धं परत देत नाही," काका म्हणाले.

मॅडम जिना उतरून गेल्या त्या गेल्याच. पुढचे रविवार त्या सोसायटीच्या बाकड्यावर बसून काढू लागल्या. मी म्हटलं, चला ना. म्हणाल्या, "नको मास्तर. तीस वर्षांत माझ्याकडे तेवढं एक होतं, जे मला दुसऱ्यांपेक्षा जास्त येते. तेच येत नाही म्हणाला तो माणूस." मला फार वाईट वाटलं. माणसाला एका गावात रुजायला किती लहानसा आधार पुरतो, आणि तोही किती पटकन निसटतो!

मग एके दिवशी काकांचा फोन आला. "दुकानात या. एकटे या." गेलो तर मॅडमचं पुस्तक समोर सुटं करून ठेवलेलं, आणि काकांचा चेहरा पडलेला. "शेवट बघा," ते म्हणाले. मी पाहिलं. सुमी नावाची मुलगी आडाजवळ उभी आहे, आतून आवाज येतो, "जेवलीस का?" आणि पुस्तक संपलं. पुढे पानच नाही. शेवटचा फॉर्मा, म्हणजे एकाच कागदावर छापून घडी घातलेली शेवटची पानं, पुस्तकात शिवलाच गेला नव्हता. वाक्यही नेमकं पानाच्या तळाशी पूर्ण झालेलं. वाचणाऱ्याला वाटावं, काय जबरदस्त शेवट!

आता नियम मोडून सांगतो, भेळ माझ्याकडून. खऱ्या शेवटात सुमी 'हो'ही म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. ती थरथरत उलट विचारते, "आत्याबाई, तुम्ही जेवलात का?" आडात सामसूम होते. मग आतून रडू ऐकू येतं. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी तिला उत्तरं दिली होती, तिला विचारलं कुणीच नव्हतं. सुमी पदरात बांधलेली भाकरी सोडते, आणि दोघी आडाच्या काठावर बसून जेवतात.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही आणि मॅडम छातीवर हात ठेवून वेगवेगळ्या शेवटांना 'बस' म्हणत होतो.

"आयुष्यात पहिल्यांदा असा वाद हातात आलाय, जो मी शंभर टक्के जिंकलोय," काका म्हणाले. शनिवार पेठेत जन्म काढलेल्या माणसाला याचा अर्थ काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. "आणि सांगायची हिंमत होत नाही. त्यांनी इतकी वर्षं ज्याला शेवट मानलं, तो मी कोण खोडणार?"

"मग आहे तसंच बांधून द्या."

"अपुरं पुस्तक बांधून देण्यापेक्षा दुकान बंद करीन."

असे ते दोन्हीकडून अडकले होते. आठवडाभर त्यांनी कुणाशी धड भांडणही केलं नाही, तेव्हा काकू घाबरल्या. शेवटी काकांनीच मार्ग काढला. स्वतःच्या प्रतीवरून शेवटची पानं तशाच एका कागदावर छापून घेतली, घडी घातली आणि बाकी पुस्तकाच्या कडा कापून झाल्यावर तो फॉर्मा मागे शिवला. त्यामुळे त्याच्या घड्या मिटलेल्याच राहिल्या. वाचायचं तर सुरीने घड्या फाडाव्या लागणार. नाही फाडल्या, तर पुस्तक पूर्वी जिथे संपत होतं तिथेच संपणार.

पुस्तक मी नेऊन दिलं. मॅडमनी लाल कापडाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला, मागची जाड मिटलेली पानं अंगठ्याने चाचपली. "हे काय?"

"काका म्हणाले, जास्तीचा कागद आहे. उघडला तर उघडा, नाहीतर राहू द्या."

पुस्तक कपाटात गेलं. पुढे काही महिन्यांनी मुलाची बदली हैदराबादला झाली आणि मॅडमनी नागपूरला बहिणीकडे परत जायचं ठरवलं. मी काकांना कळवलं. काका म्हणाले, "येतो." मी चाटच पडलो. नदीपलीकडे जायचं तरी घरी निरोप ठेवून जाणारा हा माणूस! मॅडमना सांगितलं, तर नुसत्या "बरं" म्हणाल्या.

निघायच्या दिवशी दुपारी गाडीत सामान चढवत होतो, तेवढ्यात काका घामाघूम होऊन फाटकातून आले. "वाघोली पुण्यात आहे असं ऐकून होतो," म्हणाले. "तसं काही दिसत नाही."

मॅडम पार्किंगच्या कट्ट्यापाशी उभ्या होत्या. मग काकांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी माळ्यावरचा तोच गंभीर चेहरा केला आणि विचारलं, "जेवलात का?"

मॅडमनी नेहमीसारखे ओठ मिटले. मला लिफ्ट आठवली. मला वाटलं, आता गाडीत बसतील आणि जातील.

त्यांनी ओठ उघडले. "तुम्ही जेवलात का, आपटेसाहेब?"

माझ्या हातातली बॅग खाली आली, ती माझ्याच पायावर. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला. "नाही हो," ते म्हणाले, "सकाळपासून बसमध्येच आहे."

"मग बसा."

मॅडमनी प्रवासाचा डबा उघडला. पोळ्या आणि सांबारवड्या. दोघं त्या कट्ट्यावर शेजारी शेजारी बसून जेवले. त्या लिफ्टनंतर, माळ्यावरचा रिवाज सोडला, तर मॅडमना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनीच बंदी घातलेली, आणि आम्हीही शहाण्यासारखी पाळलेली. आपणही सिनेमातल्या त्या घरच्या माणसांसारखेच निघालो, असं मला उभ्या उभ्या वाटून गेलं.

"पण पिक्चर फालतूच आहे," शेवटची वडी काकांच्या पोळीवर ठेवत मॅडम म्हणाल्या.

"तो प्रश्न वेगळा," काका म्हणाले. "बाई, आपण आत्ता सर्वांदेखत शेवट फोडलात. नियम म्हणजे नियम."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या आणि पायाशी ठेवलेली पिशवी त्यांनी पुढे ओढली. अख्ख्या आडमंडळाला पुरेल एवढी भेळ त्यांनी सकाळीच आणून ठेवली होती.