खुर्चीकडे बघून बोला

चुरी गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या ड्रेसिंगच्या खोलीत दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले होते. बांधावरच्या आंब्यावरून कोयते चालले होते. एकाच्या दंडावर हाड दिसेल एवढा वार, दुसऱ्याचं कपाळ फुटलेलं, आणि लोकांनी दोघांना एकाच टेंपोत घालून आणलं होतं, ही आमच्याकडची अक्कल. मी एकाला टाके घालायला घेतले तर दुसऱ्याने माझ्या ट्रेमधली कात्री उचलली. मी किंचाळले. तेवढ्यात पांढरा लेंगा-सदरा घातलेला एक किडकिडीत म्हातारा आत आला. त्याने माझी लाकडी खुर्ची ओढली आणि दोघांच्या मधोमध ठेवली.

"एकमेकांकडे बघायचं नाही," तो रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला. "खुर्चीकडे बघून बोला. आधी तू."

"खुर्चीला काय सांगू?" कात्रीवाला ओरडला.

"झालं ते सगळं. आणि 'अध्यक्ष महोदय' म्हणून सुरुवात कर."

मला वाटलं, आता हा म्हातारा कात्री पोटात घेणार. पण तो रक्ताने माखलेला माणूस खुर्चीकडे वळला आणि खरोखरच सांगू लागला, "अदक्ष म्होदय, यानं माजा आंबा तोडला," आणि पाठोपाठ भावाच्या नावाने एक सणसणीत शिवी. म्हातारा शांतपणे म्हणाला, "तो शब्द कामकाजातून वगळला. पुढे." पुढचा अर्धा तास ते दोघे खुर्चीशी भांडत होते आणि मी निवांत टाके घालत होते.

आमचं आरोग्य केंद्र उमरोळी स्टेशनच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचं नाव सांगत नाही, सांगून आता कोणाचं भलं होणार नाही. गुरुजी मूळचे इकडच्याच किनाऱ्यावरच्या माहीम गावचे, वाडीवाले. भावांच्या चिकूच्या वाड्या, विहिरी, सगळं तिकडे. पण नोकरी सगळी इकडच्या पाड्यांवरच्या शाळांत गेली, आणि बायको गेल्यावर, पेन्शनीत निघाल्यावरही ते इथेच राहिले, केंद्राच्या कुंपणाला लागून दोन खोल्यांत. त्या खोल्यांत एक स्टोव्ह, एक खाट आणि एक टीव्ही. टीव्हीवर एकच चॅनेल लागायचं, संसदेचं.

संसदेत सभासद एकमेकांशी थेट बोलत नाहीत, जे काय ते अध्यक्षांना सांगतात, ही गोष्ट गुरुजींना फार थोर वाटायची. "सिस्टरबाई, केवढी युक्ती आहे बघा," ते मला सांगायचे. "समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोललं की हात उठतो. म्हणून डोळे तिसरीकडे." नवरा-बायकोची भांडणं, दारूच्या गुत्त्यावरच्या मारामाऱ्या, बोईसरच्या कारखान्यातल्या पोरांचे मुकादमाशी झालेले तंटे, सगळीकडे हा माणूस मिळेल ती खुर्ची मध्ये ठेवायचा. लोक हसायचे, पण बोलायचे.

स्वतः गुरुजी मात्र जमदग्नी होते. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर पाच-सात माणसं टीव्ही बघायला जमायची, कारखान्यातून सुटलेली, पाड्यावर परत जाणारी. आरोग्य, शिक्षण, समाजकल्याण असा विषय असला की गुरुजी सर्वांना बोलावून आणायचे, आणि नेमकी त्याच विषयाला सभागृहात बाकं रिकामी दिसायची. एकदा कुपोषणावरची चर्चा होती. एक बाई पोटतिडकीने बोलत होत्या, आणि दुसऱ्याच कशावरून तरी गोंधळ माजून कामकाज तहकूब झालं. गुरुजींनी हातातला स्टीलचा पेला टीव्हीवर भिरकावला. काच फुटली नाही, पण त्या दिवसापासून प्रत्येक मंत्र्याच्या तोंडावरून एक आडवी काळी रेघ जायला लागली. मी म्हटलं, "हा शब्द वगळायचा का, गुरुजी?" तर माझ्यावरच डोळे वटारले.

त्या ओटीवर लाहनू नावाचा माणूस नेहमी एकाच जागी बसायचा, टीव्हीच्या डाव्या अंगाला, उजवा कान पुढे करून. तारापूरच्या एका कारखान्यात पिंपं धुवायला जायचा. त्याचा डावा कान गेलेला होता. कसा गेला ते गुरुजींनीच मला सांगितलं, मान खाली घालून. लाहनू चौथीत होता. पाढा चुकला म्हणून गुरुजींनी कानशिलात मारली, तो हसल्यासारखा दिसला म्हणून आणखी एक, मग आणखी. कानातून रक्त आलं. "पोर हसत नव्हतं, बाई. भीतीने त्याचं तोंड तसं झालं होतं. मी त्याच्याकडे बघतच मारत होतो." लाहनूच्या बापाने तक्रार केली नाही, उलट गुरुजींच्या पाया पडला. त्याचंच गुरुजींना जास्त लागलं असावं. खुर्चीचं खूळ तेव्हापासूनचं.

आता जे सांगायचं आहे ते माझं आहे.

केंद्राच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आमची ॲम्ब्युलन्स उभी होती. उभीच होती. ड्रायव्हर बदलून गेला, दुसरा आलाच नाही, बॅटरी उतरली, खाली शेळ्या बसायच्या. गुरुजींनी त्यावर अर्ज केले, आणि शेवटी खासदारांच्या कार्यालयात खेटे घालून आदिवासी भागातल्या आरोग्यसेवेवर एक लेखी प्रश्न संसदेत लावून घेतला. पाड्यांवर बातमी गेली की आपला प्रश्न दिल्लीला गेला. मग एका दुपारी मला तालुक्याहून फोन आला. संसदेत प्रश्न आहे, तासाभरात माहिती पाठवा. डॉक्टर रजेवर होते. मी माझ्या त्याच लाकडी खुर्चीत बसून तक्ता भरला. 'रुग्णवाहिका' या रकान्यात 'नाही' लिहावं तर रजिस्टरला गाडी होती, मग कुठे गेली म्हणून माझीच चौकशी. सगळं लिहायला रकान्यात जागा नव्हती, आणि मला लसीकरणाला जायची घाई होती. मी लिहिलं, 'उपलब्ध'.

दोन-तीन आठवड्यांनी छापील उत्तर आलं. त्याला जोडलेल्या यादीत आमच्या केंद्राचं नाव, आणि पुढे माझा शब्द. गुरुजी गहिवरले. त्यांना वाटलं, गाडी दुरुस्त होणार म्हणूनच असं उत्तर दिलंय. "बाई, सभागृहात खोटं बोलता येत नाही," ते म्हणाले. "हक्कभंग होतो." ग्रामसभेत त्यांनी तो कागद मोठ्याने वाचला. लाहनूच्या उजव्या बाजूला जाऊन दुसऱ्यांदा वाचला, कारण त्याची बायको मंजुळा सातव्या महिन्यात होती. मी तिथे होते. मी काही बोलले नाही. माझ्या तोंडाला काय झालं होतं ते मला आजही कळत नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका पहाटे मंजुळाला कळा सुरू झाल्या आणि रक्त जायला लागलं. त्यांच्या पाड्यावरून रोज सकाळी एक टेंपो कामगार घेऊन बोईसरला जातो. एरवी बाई अडली की कामगार उतरतात आणि बाईला आत घालतात, ही तिकडची रीत. त्या दिवशीही टेंपो लाहनूच्या दारात थांबला. लाहनूने त्याला जाऊ दिलं. म्हणाला, "जा तुमी. दिल्लीत गाडी दिली हाय, ती येल." पाड्यावर फोन लागत नाही, म्हणून त्याने भावाला मोटरसायकलवरून केंद्रात पाठवलं. मी लसीकरणाला दुसऱ्या पाड्यावर होते. केंद्राच्या शिपायाने भावाला शेडमध्ये नेऊन बंद गाडी दाखवली. दुपारी मी केंद्रात परतले, आणि पाठोपाठ मंजुळा रिक्षातून आली ती थंडगार होऊन. पोर पोटातच गेलं होतं.

मागोमाग माणसं आली. पंचवीस-तीस असतील. पहिला दगड लसीच्या फ्रीजवर पडला. शिपायाला त्यांनी व्हरांड्यातून केसांना धरून ओढत नेलं, तो गुरासारखा ओरडत होता. गुरुजींनी मला औषधांच्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि दारासमोर माझी खुर्ची आणून ठेवली. खिडकीच्या जाळीतून मला सगळं दिसत होतं. "नर्सला बाहेर काढा," कोणीतरी ओरडत होतं, "तिला पण तशीच झोपवा." शेडमधली गाडी पेटवली होती, रबराचा जळका वास येत होता. लाहनूच्या हातात लोखंडी पहार होती.

"अध्यक्ष महोदय," गुरुजी ओरडले. आवाज चिरकला होता. "सदस्य लाहनू यांना बोलायचं आहे. बाकीचे सदस्य शांत राहतील!"

आणि काही क्षण खरंच शांतता झाली. इतक्या वर्षांची सवय होती ती. लाहनू खुर्चीकडे बघून बोलला. "गाडी हाय बोलले. दिल्लीत बोलले. मी टेंपो जाऊ दिला. माजी बाई गेली, पोर गेलं." मग त्याने विचारलं, "गाडी हाय असं कुणी लिवलं? एवढंच सांगा माना."

गुरुजींना माहीत होतं. तक्ता कुठून जातो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? दाराच्या एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला मी, माझ्या तोंडात पदराचा बोळा.

"प्रश्न मी विचारला," गुरुजी म्हणाले. "उत्तर मी वाचलं. जबाबदारी माझी."

लाहनूने पहार टाकली. खुर्ची उचलली आणि तीच गुरुजींच्या तोंडावर घातली. ते पडले तर पुन्हा बरगड्यांवर, पुन्हा डोक्यावर. प्रत्येक घावाला लाहनू "बोला! बोला!" म्हणत होता. खुर्चीचा एक पाय तुटून माझ्या दारावर आपटला. मी आत होते. मी दार आतून वाजवू शकले असते, मी लिहिलं म्हणून ओरडू शकले असते. मी कान झाकून फरशीवर बसले.

पोलीस आले तेव्हा गुरुजींचा जबडा तुटलेला होता. दवाखान्यात जबडा तारांनी बांधला, म्हणून जबाब त्यांनी लिहून दिला. त्यात एवढंच होतं: 'खुर्ची अंगावर पडून लागले. बाकी कामकाजातून वगळावे.' हवालदार वैतागला, पण त्यापुढे गुरुजींनी पेन हातात धरलं नाही. लाहनू दगडफेकीत धरला गेला आणि महिन्याभराने जामिनावर सुटला.

त्या दगडफेकीनंतर आठ दिवसांतच केंद्राला नवी गाडी आली, ड्रायव्हरसकट. मी आनंदाने दवाखान्यात गुरुजींना सांगायला गेले. एवढ्या अर्जांनी आणि चर्चांनी न आलेला ड्रायव्हर दगडांनी आला हे त्यांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला स्वतःची लाज वाटली.

निघताना मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "गुरुजी, लाहनूचं वगळलंत, तसा माझाही एक शब्द वगळा." त्यांनी पाटी मागितली आणि बराच वेळ लिहीत होते. 'तो वगळता येत नाही. चुकीचं उत्तर दिलं गेलं तर मंत्री सभागृहात उभा राहून दुरुस्ती करतो. तशी तरतूद आहे.' आणि खाली, 'तुम्ही कधी करता?'

मला राग आला. माझी नोकरी, माझी दोन मुलं, पाम गावात घेतलेलं घर, सगळं मी त्यांना ऐकवलं. म्हटलं, तुम्हाला मारलं तसं मला मारतील, आणि मला वाचवायला कोणी खुर्ची घेऊन येणार नाही. ते पाटीवरचा शेवटचा प्रश्न माझ्यासमोर धरून बसले होते. मी तशीच निघाले. भाऊ त्यांना माहीमला घेऊन गेले, आणि डोक्याच्या माराने की छातीत पाणी होऊन, पावसाळा संपायच्या आत गुरुजी गेले. मी भेटायला गेले नव्हते.

ग्रामसभेत त्यांना श्रद्धांजली होती. तुटक्या पायाला फळी ठोकून कोणीतरी ती खुर्ची पुढे ठेवली होती, तिच्यावर हार. सरपंच बोलले, शाळेचे हेडमास्तर बोलले. लाहनू शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. मी उठले तेव्हा लोकांना वाटलं, बाई दोन शब्द बोलणार.

"अध्यक्ष महोदय," मी खुर्चीकडे बघून म्हटलं. "गाडी उपलब्ध आहे असं उत्तर मी लिहिलं होतं. गाडी बंद आहे हे मला माहीत होतं. त्या उत्तरात मला दुरुस्ती करायची आहे."

मागून लाहनू उठला आणि माणसांमधून वाट काढत पुढे आला. माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे हात रिकामे होते, पण मी ते हातच बघत होते.

"माना ऐकू नाय आलं," तो म्हणाला. "हिकडं ये, या कानाशी. परत बोल."

मी खुर्चीला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेले. या वेळी त्याच्याकडे बघून बोलले.