नऊ अदलाबदली

दुपारचे पावणेतीन. डबा खाऊन झालाय, स्टाफरूममध्ये मी एकटीच आहे, डोक्यावरचा पंखा कटकट करत फिरतोय आणि पुढ्यात बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाच्या बासष्ट जर्नल्सचा गठ्ठा आहे. हातात लाल पेन, पेनाखाली एक छापील कागद: गैरप्रकार अहवाल. चार वाजता तो प्राचार्यांकडे द्यायचाय. तो गेला की प्रणोती वाघचवरे, रोल नंबर अकरा, हिची टर्म रद्द, म्हणजे वर्ष गेलंच. मजकूर लिहून झालाय, फक्त तिचं म्हणणं आणि माझी सही राहिलीय. सहीआधी पाच मिनिटं डोळे मिटावेत म्हणून मी मान हातावर टेकवते.

मी मुळातच संशयी बाई आहे. पंधरा वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या की देवळातल्या प्रसादाचाही आधी वास घेऊन बघावासा वाटतो. आमच्याकडे मुलं तीन वर्षांत काय शिकतात असं कुणी विचारलं, तर अभ्यासक्रमात पुष्कळ लिहिलेलं आहे. पण खरं सांगायचं तर जर्नल लिहायला शिकतात. उद्देश, पायऱ्या, प्रोग्राम, आउटपुट. डावीकडे पेन्सिल, उजवीकडे पेन. आणि तळाला एक ठरलेलं वाक्य, की प्रोग्राम यशस्वीरीत्या चालवून पाहिला. प्रयोगशाळेच्या कपाटात एक नमुना जर्नल असतं, त्यावरून सगळं उतरवायचं. हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे मुलांनाही माहीत आहे.

चौदावा प्रयोग बबल सॉर्टचा. सात आकडे घ्यायचे, शेजारच्या दोघांची तुलना करायची, मोठा आधी असला तर अदलाबदल करायची, आणि सगळे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लागले की एकूण किती अदलाबदली झाल्या ते छापायचं. एकसष्ट जर्नलांत उत्तर आहे नऊ. प्रणोतीच्या जर्नलात दहा. शिवाय तिचा प्रोग्राम बाकीच्यांपेक्षा आखूड. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी, हिला एवढं कुठून सुचलं? मोबाइलवरून कुठूनतरी उचललं असणार, आणि उचलताना आकडाही चुकीचा उचलला. तोंडी परीक्षेत मी विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, मी चालवून बघितला." मान खाली न घालता म्हणाली. तेव्हाच मला वाटलं, इथं पाणी मुरतंय.

पंख्याची कटकट लांब जाते. दार वाजत नाही, पण बिराजदार सर आत आलेले आहेत.

सरांना जाऊन चार वर्षं झाली. ते माझे शिक्षक, पुढे याच विभागात माझे वरिष्ठ. निवृत्त होताना प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली होती. मला आनंद व्हायला हवा, पण माझी नजर आधी त्यांच्या गळ्याकडे जाते. त्यांनी टाय घातलाय. आख्ख्या हयातीत सरांनी टाय घातला नव्हता. हा टाय शोकसभेतल्या फोटोतला आहे, स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर चिकटवलेला. म्हणजे हे सर नव्हेत, फोटो बघून कुणीतरी तयार केलेले सर आहेत.

ते माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसतात आणि हजेरीपट मागतात. सही केल्याशिवाय बसायची त्यांना सवय नाही. मी हजेरीपट देत नाही.

"तुम्ही सर कशावरून?" मी विचारते.

"व्हय, हे बरं विचारलंस," ते म्हणतात. "तेवढं तरी शिकलीस म्हणायचं."

स्टाफरूमला आता खिडक्या नाहीत. आम्ही जुन्या प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभे आहोत, जिथं धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. आत सगळ्या मॉनिटरांना निळ्या फुलांच्या कापडाची झाकणं घातलेली आहेत. ती सरांच्या बायकोनं शिवली होती. दिवे गेलेले आहेत. माझ्या अंगावर बी.एस्सी.च्या वेळचा पिवळा ड्रेस आहे, आणि हे मला अजिबात आवडत नाही.

तुम्हाला कुणी पाठवलं, असं मी त्यांना विचारते. वाघचवरेच्या घरून कोणी ओळख लावली का? मेलेल्या माणसाकडून वशिला लावणं जरा जास्तच झालं, पण आमच्या गावात काही सांगता येत नाही. सर ऐकून घेतात. मग ते चपलांकडे बघत हळू आवाजात सांगायला लागतात. मंगळवार होता. भारनियमन दुपारी बारा ते चार. प्रयोगशाळा सुरू झाली आणि अर्ध्या तासात वीज गेली. दुसऱ्या दिवशी जर्नल द्यायचं होतं. रोल नंबर सतरा खिडकीच्या उजेडात बसली, कपाटातलं नमुना जर्नल घेतलं आणि आउटपुट उतरवलं. आधी पेन्सिलनं लिहिलं, थोडी थांबली, मग त्यावरून पेन फिरवलं.

रोल नंबर सतरा मी होते. खिडकीपाशी तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

"त्या थांबण्यात तू काय विचार करत हुतीस?" सर विचारतात.

मी सांगत नाही. पण मला आठवतं. नऊ बरोबर आहे का, असा विचार मी करत होते. मग वाटलं, सरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसा एवढासा उजेड माझ्या मनात तेव्हापासून पडलेला आहे, आणि मी त्याच्याकडे पाठ करून पंधरा वर्षं शिकवलं.

सर खाली बसतात. दारापुढे चपलांचे सात जोड एका ओळीत आहेत. प्रत्येकाच्या अंगठ्यावर खडूनं आकडा घातलाय. बेचाळीस, सतरा, आठ, पासष्ट, तेवीस, अकरा, पन्नास. चौदाव्या प्रयोगातले सात आकडे. सतरा आकड्याची चप्पल माझी आहे, तिचा बक्कल मी स्वतः दोऱ्यानं शिवला होता. अकरा आकड्याची कुणाची ते मी विचारत नाही.

"मोज," सर म्हणतात.

ते डावीकडून सुरुवात करतात. बेचाळीस उचलून सतराच्या पलीकडे ठेवतात. एक. पुन्हा बेचाळीस, आठच्या पलीकडे. दोन. मी त्यांच्या बोटांवरची नजर हलवत नाही, कारण हे सर खोटे असतील तर इथंच हातचलाखी करतील. पासष्ट एकेक जोड ओलांडत टोकाला जातो. तीन, चार, पाच. पुन्हा डावीकडून. मोजताना ते फरशीवर खडूनं उभ्या रेघा मारतात, आणि चार रेघा झाल्या की पाचवी वरून आडवी, अक्षरांना शिरोरेघ द्यावी तशी. सगळं जग पाचवी रेघ तिरकी मारतं. सर एकटेच अशी मारायचे. आता मात्र माझा संशय जरा हलतो.

सहा, सात, आठ. तिसऱ्या फेरीत तेवीस आणि अकरा यांची जागा बदलते. नऊ.

"झालं," मी म्हणते. फार घाईनं म्हणते.

सर हात मांडीवर ठेवतात. मी ओळ बघते. आठ, मग सतरा, मग अकरा. अकरा अजून सतराच्या मागे आहे. माझी जुनी, दोऱ्यानं शिवलेली चप्पल पुढे, आणि तिच्या मागे ती दुसरी, साधी, रबरी, जागा मिळायची वाट बघत असलेली.

"सर, तुमची चूक झाली होती," मी म्हणते.

"चूक नव्हती. दहाच्या जागी नऊ मी मुद्दाम लिवलं हुतं."

आता आम्ही शोकसभेत आहोत. सभागृह भरलेलं आहे, सगळ्या खुर्च्यांवर जर्नल्स ठेवलेली आहेत आणि माणूस एकही नाही. सर स्वतःच्या फोटोशेजारी उभे राहून बोलतात. पहिल्या वर्षी नमुना लिहिताना त्यांनी ठरवून एक आकडा चुकवला. जो चालवून बघेल त्याला दहा येतील, तो येऊन विचारील, सर, नऊ कसे? मग त्याला चहा पाजायचा आणि नमुन्यातला आकडा खोडायचा. एवढाच बेत होता.

"कुणी आलं?"

"तू येशील असं वाटलं हुतं. पेन्सिलनं लिवलं हुतंस नव्हं."

मला एकदम राग येतो. सगळा राग, फोटोवरच्या टायसकट. मी त्यांना सांगते की हे फसवणं झालं. शिक्षकानं चुकीचं लिहून ठेवायचं आणि मुलांनी ते पकडावं अशी वाट बघत बसायचं, ही कुठली रीत? माझ्या जर्नलवर सही करताना एक शब्द बोलला असता तर? वीस वर्षांतल्या सगळ्या मुलांनी नऊ लिहिलं, वर प्रोग्राम चालवून पाहिल्याचंही लिहिलं, आणि आधी तुम्ही, मग मी, खाली सह्या करत गेलो.

सर खाली बघतात. हयातीत त्यांना असं खाली बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"खरंय तुझं," ते म्हणतात. "वाट बघायची बी सवय लागती. नंतर लाज वाटली. म्हणून खोडलं न्हाई, तू तरी चालवून बघशील म्हणून तुझ्या हातात किल्ली दिली."

मला रडू येतं. मला हा माणूस फार आवडायचा, आणि मला वाटायचं की मी त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी आहे. त्यांनाही तसं वाटायचं, हे आज कळतंय, आणि म्हणूनच जास्त लागतंय. शेवटची जोडी तुम्ही हलवा, मी म्हणते. ते मान हलवतात. हात तुझा लागेल, असं काहीसं म्हणतात. मी वाकते. चपला फरशीला चिकटल्यासारख्या जड आहेत. सतरा उचलून मी मागे ठेवते, अकरा पुढे सरकवते, आणि वर बघते तर टाय सुटलेला आहे, गळा उघडा, खरे सर. पंखा कटकट करतोय.

साडेतीन वाजलेत. हाताला मुंग्या आल्यात. गालाखाली गैरप्रकार अहवाल आहे, सहीची जागा कोरीच. पण तिच्या वर, समासात, लाल रेघा आहेत. चार उभ्या, वरून एक आडवी. शेजारी पुन्हा चार उभ्या, वरून एक आडवी. पेन माझं, शाई माझी, बोटालाही लागलेली आहे. झोपेत मीच मारल्या असतील, दुसरं कोण येणार? पण मी पाचवी रेघ तिरकी मारते. आजवर कायम तिरकीच मारलेली आहे. मी कागद उजेडात धरून बघते, पाठीमागून बघते, टेबलाखाली वाकूनही बघते.

मग कागदाचे सात कपटे फाडून त्यांवर आकडे लिहिते आणि एकेक हलवते. प्रयोगशाळेत कॉम्प्युटर होते, समोर पुस्तकं होती, पंधरा वर्षं होती. सगळं मिळून चार मिनिटं लागतात. दहा.

दारात प्रणोती उभी आहे. मीच तिला पावणेचारला बोलावलं होतं, अहवालावर तिचं म्हणणं लिहून घ्यायला. ती आत येते आणि माझ्याकडे, मी इतके दिवस ज्या नजरेनं तिच्याकडे बघत होते, अगदी त्याच नजरेनं बघते. मग तिची नजर समासातल्या रेघांवर जाते. ती मनातल्या मनात मोजते, ओठ हलतात.

"मॅडम, तुम्हाला पण दहाच आले?"

"मला नऊ आले होते," मी म्हणते. "न चालवता. बस, सांगते."