एका पाइपाला दोन चुली

वाटणीत सासूबाई कुणाच्याच वाट्याला आल्या नव्हत्या, तरी त्या बसायच्या थोरल्या जावेकडे. तिची चूल निर्धूर होती. भाऊजींनी डोलवीच्या कंपनीतून येताना पाइप आणून छपरातून वर काढला होता. सासूबाईंना खोकला, त्यामुळे वालाचं बिरडं सोलायला सूप घेऊन त्या तिच्याच स्वयंपाकघरात जायच्या. वाटणीत घातलेल्या भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू आलं की माझा जळफळाट व्हायचा. माझ्याशी त्या कधी एवढ्या हसल्या नव्हत्या.

मी नवऱ्याच्या मागे लागले आणि पेणहून दोन औलांची, एका वेळी दोन भांडी बसणारी निर्धूर चूल आणवली. पाइप काही मिळाला नाही. रोह्याचा गवंडी म्हणाला, मधल्या भिंतीला भोक पाडून जावेच्याच पाइपाला जोडू. जावेने लगेच होकार दिला. तिचं हे मोठं मन मला मुळीच सहन झालं नाही. सांधा मातीने लिंपला, चुलीवर दूध उतू घालवलं. धूर नावालाही नव्हता. दुसऱ्याच दिवशी सासूबाई सूप घेऊन माझ्याकडे आल्या. मी मुद्दाम मोठ्याने हसत होते, पलीकडे ऐकू जावं म्हणून.

महिनाभराने बिरडं सोलता सोलता त्या म्हणाल्या, "दोन्ही चुली संगती पेटल्या की धूर तिच्याकडं शिरतो गो. तुझा सैपाक झाल्याबिगर ती काडी ओढत नाय. तुला सांगू नको म्हणाली."

मला लाज वाटायला हवी होती. पण आधी राग आला, की चांगुलपणातही हीच पुढे. त्यांच्या आवाजातली माया तिच्यासाठी होती, हेही मला कळलं.

आपणही काही कमी नाही, म्हणून दुसऱ्या सकाळी मी चूल पेटवलीच नाही. आधी तिचं होऊ दे, म्हटलं. ती नेहमीसारखी माझी वाट बघत बसली. मी तिची. दोघींपैकी कुणीच भिंतीपलीकडे हाक मारली नाही. आठ वाजले, नऊ वाजले, दोन्ही घरांत चहा नाही.

सासूबाई उठल्या, सूप उचललं आणि समोरच्या शेजारणीकडे गेल्या. तिची साधी चूल, घरभर धूर. तरी त्या तिथे चहा प्यायल्या, खोकत खोकत बिरडं सोलत दुपारपर्यंत बसल्या. हसण्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येत होता. जाऊ तिच्या दारात उभी होती, मी माझ्या. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघी एकाच बाईवर जळत होतो.